ढोलाच्या तळाला पाच भोके

९ मे, शुक्रवार. पहाटे धुके, आठपासून कोरडे ऊन, दहाच्या सुमारास नैर्ऋत्येला ढगांची पहिली रांग. वारा पूर्ण पडलेला.

अशा हवेच्या दिवशी एकदा एक वृद्ध मधपाळ डोळ्यांवर काळा चष्मा लावून घाटमाथ्यावरच्या आपल्या वाडीत परतले. त्यांना सगळी वाडी आबा म्हणत असे. मोतीबिंदू काढण्यासाठी ते तीन आठवडे घाटाखाली लेकीकडे राहिले होते. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या : वाकायचे नाही आणि जड उचलायचे नाही.

त्यांची शिष्या सगुणा त्या वेळी मधाच्या खोपीत होती. वय बेचाळीस, सात वर्षे आबांच्या हाताखाली शिकून तिने स्वतःच्या आठ पेट्या उभ्या केल्या होत्या. त्या वर्षी जांभूळ असे फुलले होते की पेट्यांच्या वरच्या मजल्यातल्या चोवीस चौकटी मधाने भरून मेणाने मिटल्या होत्या. पहाटे उठून तिने त्या सगळ्या बाहेर काढल्या होत्या आणि ओल्या फडक्याखाली झाकून ठेवल्या होत्या. बाहेर काढलेल्या चौकटीतला मध त्याच दिवशी काढावा लागतो, नाहीतर चौकटी संध्याकाळच्या आत पेटीत परत ठेवाव्या लागतात. मुंग्या आणि दुसऱ्या पेट्यांच्या माश्या वासावर येतात. शिवाय पाऊस लागला की माश्यांचे बाहेर जाणे थांबते आणि साठवलेला मध त्या स्वतःच खाऊन टाकतात. वर्षाचे पीक हातात यायला सगुणेपाशी एवढा एकच दिवस होता.

मध काढायचे स्टीलचे यंत्र मधपाळांच्या संस्थेचे. ते चार वाड्यांत पाळीपाळीने फिरे आणि सगुणेच्या वाडीची पाळी शेवटची, मंगळवारी. तोवर ढग थांबणार नव्हते. हे असेच होणार हा अंदाज तिला एप्रिलमध्येच आला होता. म्हणून आबा लेकीकडे गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने खोपीच्या माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेला एक जुना ढोल खाली उतरवला होता.

तो थोरल्यांचा ढोल होता. थोरले म्हणजे आबांचे गुरू. त्यांनी तो जस्ती पत्र्याचा ढोल पाठीवर बांधून घाट चढून आणला होता, अशी वाडीत कथा होती. आत चौकटी धरणारा पिंजरा, वर दातेरी चाके आणि फिरवायचा दांडा. दांडा फिरवला की पिंजरा गरगर फिरतो, चौकटीतला मध उडून ढोलाच्या भिंतीवर आदळतो आणि ओघळत तळाशी जमतो. तीस वर्षे वाडीचा सगळा मध त्यातून निघाला होता. दर हंगामाच्या आधी त्याला हळदकुंकू लागे.

सगुणेने त्यावर एकवीस दिवस घालवले. धुण्याच्या सोड्याच्या उकळत्या पाण्याने जुने मेण काढले. तारेच्या घासणीने पापुद्रे काढले. गंजाचे डाग जाईनात, तेव्हा चिंचेचा कोळ थापून रात्रभर ठेवला आणि सकाळी राखेने घासले. दातेरी चाकांतले काळे घट्ट वंगण काडीने कोरून काढले. अकरा वेळा ढोल धुतला. अकराव्या वेळचे पाणी तिने पेल्यात धरून उजेडात पाहिले, हुंगले, आणि मग ओतले. शेवटी ढोल पाण्याने भरून ठेवला, तर उभ्या सांध्यातून आणि तळाच्या कडेने पाणी झिरपू लागले.

पूर्वी कल्हईवाला वाडीत येई. तो येईनासा होऊन बारा वर्षे झाली होती. बाजारच्या गावी ट्रकचे रेडिएटर झाळून देणारा एक कारागीर होता. सगुणा ढोल घेऊन त्याच्याकडे गेली. त्याने सांध्यावर वितळवलेल्या धातूचा चकचकीत डाख ओतला आणि हसत म्हणाला, "बाई, ह्यात इंजिनाचं उकळतं पाणी राहतं. मधाची काय कथा!" सगुणेला तो डाख अगदी कल्हईसारखा दिसला. आईच्या, सासूच्या पितळी पातेल्यांना असाच पांढरा चकाका असे आणि त्यातलीच आमटी खाऊन ती मोठी झाली होती. ती निर्धास्त झाली.

आबांना हे काहीच ठाऊक नव्हते. ते आले की थोरल्यांचा ढोल फिरताना दाखवायचा, एवढाच तिचा बेत होता.

आबा खोपीच्या दारात आले तेव्हा तिथे टेम्पो उभा होता. घाटाखालचा व्यापारी रिकामे डबे घेऊन आला होता आणि घड्याळ आणि आभाळ आलटून पालटून पाहत होता.

"या आबा!" तो म्हणाला. "वेळेवर आलात. तुमची चेली आज इतिहास घडवतेय. पण जरा लवकर घडव म्हणावं, घाटात पाऊस लागला की माझा टेम्पो इथंच राहायचा."

सगुणा पदराला हात पुसत पुढे आली. "आबा, डोळा कसा आहे? बसा आधी. आणि हे बघा." तिने ढोलावरचे फडके ओढले.

उन्हाची तिरीप ढोलाच्या आत गेली आणि सगळा पत्रा उजळला. आबा काही वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांनी चष्म्याखालून डोळे टिपले. ते पाणी ऑपरेशनचे की आणखी कशाचे, हे सगुणेला कळले नाही.

"थोरल्यांचा," ते म्हणाले.

"होय आबा. एकवीस दिवस लागले."

आबांनी ढोलाच्या काठावर हात ठेवला. ताठ उभे राहून त्यांनी हात आत सोडला आणि बोटे भिंतीवरून हळूहळू फिरवली. उभ्या सांध्यापाशी बोटे थांबली. नखाने त्यांनी तो सांधा वरून खालपर्यंत चाचपला, मग बोट पुन्हा वर नेले.

"हे कुणी केलं?"

"बाजारात करून आणलं. गळत होता ना. कल्हईच आहे, आबा."

"एक पांढरा कागद दे."

सगुणेने वहीतले कोरे पान फाडून दिले. आबांनी ते बोटावर गुंडाळून सांध्यावर जोराने ओढले आणि पान तिच्यापुढे धरले. "मला अजून नीट दिसत नाही. काय दिसतंय ते तू सांग."

"रेघ उठलीय. करडी. शिसपेन्सिलीनं ओढल्यासारखी."

आबांनी पान घडी करून खिशात ठेवले. "ह्या वर्षी पहिली वाटी कुणाची?" त्यांनी विचारले.

त्या वाडीत हंगामातला पहिला वाटीभर मध गरोदर बाईला देण्याची रीत होती. तो एक रात्र देवापुढे ठेवायचा आणि सकाळी तिने खायचा.

"आमच्या नर्मदेची," सगुणा म्हणाली. तिची लेक सातव्या महिन्यात माहेरी आली होती.

आबांनी मान हलवली. "हातोडी आण. आणि मोठा खिळा. ढोल बाकावर आडवा कर, मला वाकायला बंदी आहे."

सगुणेला वाटले, पिंजऱ्याचा एखादा खिळा ढिला असेल. तिने पिंजरा काढून बाजूला ठेवला, ढोल बाकावर आडवा केला आणि दोन्ही हातांनी धरला. आबा शेजारी बसले. त्यांनी खिळा ढोलाच्या तळावर मधोमध टेकवला, डाव्या हाताने चाचपून खात्री केली आणि हातोडी घातली.

पहिल्या घावाला पत्रा वाकला. दुसऱ्याला खिळा आरपार गेला.

"आबा!"

त्यांनी खिळा उपसला, चार बोटे बाजूला टेकवला आणि पुन्हा घाव घातला. सगुणेचे हात ढोलावर तसेच राहिले. धरावे की सोडावे, हे तिला सुचेना. तिसरे भोक पडले, चौथे पडले. व्यापारी टेम्पोपासून धावत आला.

"अहो, काय करताय! आबा, डोळ्याचं ऑपरेशन झालं का डोक्याचं?"

"डोळ्याचंच," आबा म्हणाले. "म्हणून बोटानं बघावं लागतंय." आणि त्यांनी पाचवे भोक पाडले.

हातोडी खाली ठेवून ते धापा टाकत बसले. खोपीत चौकटींवर घोंघावणाऱ्या माश्यांचा आवाज तेवढा राहिला. सात वर्षांत ती आबांना उलट बोलली नव्हती. आज बोलली.

"एवढं काय चुकलं माझं? एकवीस दिवस, आबा! चोवीस चौकटी बाहेर काढून बसलेय मी. तुम्हाला नको होतं तर तोंडानं सांगायचं. मी ऐकलं नसतं का?"

"ऐकलं असतंस. आधी मला एक सांग. ह्यात मध फिरवलास का?"

सगुणेने चौकटींवरचे फडके सारखे केले.

"सगुणे, फिरवलास का?"

"काल संध्याकाळी. एकच चौकट, जेमतेम वाटीभर मधाची. दांडा कसा फिरतो ते बघायला."

"कुठाय तो मध?"

उत्तर द्यायच्या आधीच सगुणेचा चेहरा उतरला. करडी रेघ, पहिली वाटी आणि आबांचा प्रश्न, या तिन्ही गोष्टी त्या क्षणी तिच्या मनात एकत्र आल्या. ती घराकडे पळाली. आबा भिंतीचा आधार घेत मागून निघाले आणि काय चालले आहे ते न कळून व्यापारीही त्यांच्यामागे गेला.

नर्मदा ओट्यापाशी तांदूळ निवडत होती. देवघरापुढे पाट होता. पाटावर वाटी नव्हती.

"नर्मदे, वाटी कुठाय? मधाची?"

"का गं आई?"

"खाल्लास?"

"अगं, ओरडतेस काय! फडताळात ठेवलीय. मुंग्या लागल्या होत्या पाटाला. तूच म्हणालीस ना, आबा आल्यावर त्यांच्या हातानं घ्यायची."

सगुणेने फडताळ उघडले. वाटी काठोकाठ भरलेली होती. ती वाटी दोन्ही हातांत धरून जमिनीवर बसली.

आबा उंबऱ्यावर बसले. व्यापाऱ्याला त्यांनी हाताने शेजारी बसायची खूण केली आणि ते सगुणेशी बोलू लागले.

"गंज काढायला काय लावलं होतंस?"

"चिंच."

"चिंचेनं गंज का सुटला?"

"आंबट असते म्हणून."

"मध चिंचेचा धाकटा भाऊ आहे, पोरी. जिभेला तो गोड लागतो, पण धातूशी वागतो आंबटासारखा. भिंतीवर आदळतो, सांध्यातून ओघळतो, तळाशी बसून राहतो, आणि जिथं बसतो तिथलं थोडं थोडं आपल्यात घेतो. कल्हई म्हणजे निव्वळ कथील. रेडिएटरवाला ओततो त्यात शिसं असतं. त्या माणसानं तुला फसवलं नाही. त्याला इंजिन माहीत, पोट माहीत नाही. शिसपेन्सिलीत शिसं नसतं, पण तुझ्या ढोलाच्या सांध्यात आहे. आणि शिसं पोटातल्या लेकराला सगळ्यात आधी बाधतं."

"मी अकरा वेळा धुतला, आबा."

"धुण्यानं जे वर बसलेलं असतं ते जातं. हे वर बसलेलं नाही. सांधाच त्याचा आहे."

व्यापारी अस्वस्थ झाला. "आबा, एका वाटीनं काय होतंय? आणि मी तर मध तापवून, दोनदा गाळून घेतो. बाटलीत सोन्यासारखा दिसतो."

"एका वाटीनं कदाचित काहीच झालं नसतं," आबा म्हणाले. "मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नाही. जे माहीत नाही ते हिच्या लेकीच्या पोटावर कशाला अजमावायचं? आणि गाळण्यानं मेण जातं, माशीचा पंख जातो. हे जात नाही. सोन्यासारखा दिसतो म्हणालात ना, ढोलही तसाच दिसत होता."

सगुणेने मान वर केली.

"मग सांगायचं होतंत. भोकं कशाला पाडलीत? थोरल्यांची आठवण होती ती."

आबांनी चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा लाल होता.

"वीस वर्षांपूर्वी मला एका शिबिरात हे सगळं सांगितलं होतं. जस्ताच्या पत्र्यात, डाखाच्या सांध्यात मध घालू नका. मी त्याच वर्षी ढोल वापरायचा थांबवला. पण मोडीत देववेना. थोरल्यांनी पाठीवरून आणलेला. गोणपाटात गुंडाळला, माळ्यावर ठेवला आणि कुणालाही काही बोललो नाही. तुलासुद्धा नाही. त्याला भोकं तेव्हाच पडायला हवी होती. मी पाडली नाहीत म्हणून वीस वर्षांनी ती वाटी तुझ्या फडताळात आली. चूक तुझी एकवीस दिवसांची आहे, सगुणे. माझी वीस वर्षांची आहे."

आबा पुढे म्हणाले, "आज मी तोंडानं सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस. पण पुढच्या वर्षी ढग आणखी जवळ असतील, संस्थेचं यंत्र आणखी लांब असेल, मी कदाचित नसेन, आणि ढोल मात्र शाबूत असेल. घाईच्या दिवशी माणूस शाबूत वस्तूकडे हात नेतोच. एक भोक तू पुन्हा झाळून आणलं असतंस. पाच भोकं झाळताना माणूस थांबून विचार करतो."

घराबाहेर उजेड मंद झाला होता. सगुणा उठली. तिने वाटी उचलली आणि परसाकडे निघाली.

"उघड्यावर ओतू नकोस," आबा मागून म्हणाले. "माश्या उचलतील आणि परत पेटीत नेऊन भरतील. हातभर खोल पूर."

तिने कुदळीने हातभर खड्डा खणला, मध ओतला, माती लोटून वर दगड ठेवला. परत आली तेव्हा तिचा आवाज सरळ झाला होता. "आबा, चौकटींचं काय करू? चार तास आहेत."

"यंत्राच्या आधी लोक काय करत होते?"

"निथळत ठेवायचे."

"मग?"

"सगळा नाही निघायचा. अर्धाही नाही."

"नाही निघायचा."

सगुणेने घरातली स्टीलची पातेली, पराती, लग्नात आलेले स्टीलचे पिंप, सगळे बाहेर काढले. नर्मदेने बसल्याबसल्या प्रत्येक भांडे पुसून दिले. सगुणेने गरम सुरीने चौकटींवरचे मेणाचे पापुद्रे कापले आणि खोपी बंद करून चौकटी भांड्यांवर तिरक्या टेकवल्या. पत्र्याच्या छपरामुळे खोपी तापली होती. मध थेंबाथेंबाने सुटू लागला. आबा दाराशी बसून कोणत्या चौकटीचे थेंब थांबले ते कानाने ऐकून सांगत होते. "तिसरी फिरव. सातवी अजून आहे."

व्यापारी दोन वाजेपर्यंत थांबला. निघताना त्याने टेम्पोत चढवलेल्या डब्यांतला एक खाली उतरवला, त्याच्या आतल्या सांध्यावर अंगठा फिरवला आणि विचारले, "आबा, हे डबे कसे आहेत?"

"कागद घासून बघा," आबा म्हणाले.

त्याने खिशातली पावती घासून पाहिली, उलटून पाहिली, घडी घालून ठेवली आणि डबा पुन्हा टेम्पोत चढवला.

चौकटी पाच वाजता पेट्यांत परत गेल्या. पाच वाजून चाळीस मिनिटांनी पाऊस सुरू झाला आणि चार दिवस पडला. मंगळवारी घाटरस्ता बंद असल्याने संस्थेचे यंत्र आले नाही. चौकटींत उरलेला मध माश्यांनी खाल्ला. निथळलेला मध भरला सात किलो चारशे ग्रॅम. चोवीस चौकटींतून अठरा किलो यायला हवा होता. निथळलेल्या मधाची पहिली वाटी रात्रभर देवापुढे होती आणि १० मे रोजी सकाळी ती आबांच्या हातून नर्मदेने घेतली. तिला २१ जुलैला मुलगी झाली.

थोरल्यांच्या ढोलाची दातेरी चाके आणि दांडा, ज्यांना मध कधी लागत नव्हता, तेवढे सगुणेने काढून घेतले. पुढच्या एप्रिलात ते स्टीलच्या नव्या ढोलावर बसवले. त्याचा सांधा डाखाचा नाही, वेल्डिंगचा आहे. पिंजरा मोडीत दिला. जुना ढोल खोपीच्या दाराशी मातीने भरून ठेवला आहे. शेजारणीने त्यात कोथिंबीर पेर म्हणून सुचवले होते. सगुणेने त्यात तगर लावली.